प्रतिसाद: ओझं म्हणण्याआधी टांझानिया बघा

वर एकांनी लिहिलंय, निर्वासित म्हणजे कायमचं ओझं. मला पटत नाही. आमच्या बीडकडं ७२ म्हटलं की दुष्काळ, मदतीतली मिलो ज्वारी अन् सुकडीचा खाऊ. त्याच १९७२ साली आफ्रिकेतल्या बुरुंडी देशातल्या कत्तलीतून जीव वाचवून माणसं शेजारच्या टांझानियात आली. सरकारनं त्यांना नुसतं रेशनवर न बसवता कातुंबा, मिशामो, उल्यानकुलू या वस्त्यांत कसायला जमीन दिली. पुढं ती स्वतःचं भागवून धान्य विकू लागली. २००७ नंतर विचारलं, परत जाता की इथलेच होता? बहुतेक 'इथलेच' म्हणाले. सुमारे १ लाख ६२ हजारांना नागरिकत्व मिळालं. दाखले मात्र २०१४ पर्यंत रखडले. दाखल्यासाठी आधी अट होती, वस्ती सोडून दुसरीकडं पांगा! इतकी वर्षं कसलेलं रान कोण सोडेल हो? जायकवाडीत गाव गेलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून बघा.