मदत हवी आहे: खारी हवा, गंजलेली हत्यारं आणि खिडकीतला एक हट्टी स्क्रू

नमस्कार मंडळी,

घर गुहागरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही पुण्यात, त्यामुळे मे संपला की लावलेलं कुलूप गणपतीलाच निघतं. यंदा वडिलांची हत्यारांची पेटी उघडली आणि पोटात खड्डा पडला. पक्कड मिटलेली ती मिटलेलीच, कानशीत गंज भरलेला, रंध्याच्या पात्यावर तपकिरी खवले. एका पटाशीवर तर माझ्या अंगठ्याचा ठसा गंजात उमटलाय, रेघान् रेघ मोजता येईल असा! मे महिन्यात घामट हाताने उचलून ठेवली होती, तेवढंच निमित्त.

काही केलं नव्हतं असं नाही. आईच्या पद्धतीने खोबरेल चोपडलं होतं. त्याला मुंग्या लागल्या, धूळ बसून चिकटा झाला आणि चिकट्याखाली गंज तो गंजच. मागच्या वर्षी डब्ल्यूडी-४० फवारून गेलो होतो, तेव्हाही हेच.

दुसरं दुखणं खिडकीचं. सागवानी चौकट, आजोबांच्या वेळची. तीन वर्षांपूर्वी मीच तिला पितळी बिजागऱ्या बसवल्या, पितळ गंजत नाही म्हणून मोठ्या ऐटीत. स्क्रू मात्र हाताशी होते ते साधे लोखंडी. आता बिजागरी ठणठणीत आणि स्क्रूची डोकी फुलून आलेली. खालच्या बिजागरीचे सहापैकी पाच निघाले. सहाव्याची खाच पार गेली, पेचकस नुसता गरगर फिरतो. मध्ये रबरबँड धरून पाहिला, त्याचा भुगा झाला. सुतार म्हणतो तेवढा तुकडा कापू. तो चौकटीला करवत लावणार म्हटल्यावर आईने जेवण सोडलं नाही एवढंच.

तर चौकट न कापता स्क्रू कसा काढू? आणि तीन महिने बंद घरात हत्यारं टिकवायला तुम्ही काय करता? पुण्याला घेऊन जा असं सांगू नका, घरी काही मोडलं की ती इथेच लागतात.

प्रतिसाद

दादा, मी मालवणात होड्यांच्या इंजिनांची कामं करतो, तेव्हा हे रोजचंच. तेलाचा दोष नाही. तुम्ही मिठावर तेल लावताय. खाऱ्या वाऱ्याचं मीठ लोखंडावर बसतं, हवेतली ओल ओढून घेतं, आणि वरून तेल चोपडलं तरी खाली त्याचं काम चालूच. घामाचंही तेच. म्हणून आधी गोड्या पाण्याने खसाखसा धुवा, मग कोरडं करा, तेल शेवटी. तुमचा तो फवारा ओल हटवायला उत्तम, पण पातळ. तीन महिन्यांची राखण त्याच्याकडून नको. त्यावर ग्रीसचा पातळ हात द्या आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळा.

आता चढलेला गंज: हत्यारं रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायला विसरू नका, आंबटपणा राहिला तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होतात. ऊन नसेल तर चुलीच्या उबेला वाळवा. करवतीचं पातळ पातं मात्र रात्रभर नको, तास-दोन तास बास.

स्क्रूसाठी सोल्डरिंग आयर्न आणा, म्हणजे तारा डाखायचं, विजेवर टोक तापणारं हत्यार. टोक स्क्रूच्या डोक्यावर तीन-चार मिनिटं दाबून धरा. लोखंड तापून फुगतं, निवताना आवळतं, तेवढ्यात गंजाची पकड सुटते. निवला की बारीक करवतीने डोक्यावर नवी खाच पाडा, पेचकस बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचे दोन ठोके द्या आणि मग फिरवा. आधी किंचित आवळायच्या दिशेने, नंतर उलटा.

आणि पितळेत लोखंड पुन्हा घालू नका. दोन धातू आणि मध्ये खारट ओल म्हणजे बॅटरीच झाली की, आणि त्यात झिजतं ते लोखंड. पितळी बिजागरीला पितळी स्क्रू. ते मऊ असतात, सागवानात थेट पिळले तर मान तुटते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा आणि पितळीला मेण लावून बसवा.

प्रतिसाद

आमच्याकडे दापोलीला हत्यारांच्या कपाटात तळाशी १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब पावसाळाभर असायचा. कपाट कोमट राहिलं की ओल धरत नाही. एलईडीचा उपयोग नाही, तो तापतच नाही. पण बंद घरात वीज चालू ठेवून जाऊ नका. तुम्ही घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल बघा. निळे दाणे गुलाबी झाले की समजायचं, पोट भरलं.

धागाकर्ता

स्क्रू निघाला! दुसऱ्यांदा तापवल्यावर कट्ट असा आवाज आला, मला वाटलं तुटला. आख्खा हातात आला, मधोमध झिजून काडीएवढा झालेला. भोक सैल झालंय, त्यात बांबूची काडी फेविकॉल लावून ठोकलीय, उद्या आटे पाडेन.

पक्कड उघडली. कानस व्हिनेगरमधून काढली तर आधीपेक्षा जास्त चावतेय. हे बरोबर आहे की मी काही बिघडवलं?

प्रतिसाद

बरोबर आहे, दातांना धार येते. सोड्याच्या पाण्यात घातलीत ना पण?