कमाटीबागेतला देवमासा आणि लेकीचा प्रश्न: बडोद्यात राहून समुद्रासाठी काय करता येईल?

वाडीवाली_ताई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. परवा रविवारी लेकीला (वय ९) घेऊन कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेले होते, कितीतरी वर्षांनी. ममी बघायचीय म्हणून आठवडाभर हट्ट चालला होता, पण ममीपाशी दोन मिनिटंसुद्धा थांबली नाही आणि देवमाशाच्या सांगाड्यापाशी जी उभी राहिली ती हलेचना. आपण बडोद्याच्या सगळ्यांनी तो लहानपणी बघितलाय, शाळेच्या रांगेत, मागून बाई "पुढे चला पुढे चला" करतायत. यावेळी मी पण पहिल्यांदाच नीट बघितला. सत्तर फुटाच्या आसपास लांबी, जबड्याचं हाड लग्नाच्या मांडवाच्या कमानीएवढं, आणि पाठीच्या कण्याचे मणके एकामागे एक असे की तिने मोजायला घेतले आणि मध्येच आकडा चुकली, मग परत पहिल्यापासून.

तिने विचारलं हा इथे कसा आला. मी सांगितलं की १९४४ मध्ये महीच्या मुखापाशी वाहून आला होता. तर म्हणे, "मही म्हणजे आपल्या नळाला येते तीच?" म्हटलं हो तीच. थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे समुद्र आपल्या नदीलाच लागून आहे. मग आपण जे गटारात टाकतो ते त्याच्याकडे जातं?"

मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तर सगळीकडे किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठीच लिहिलेलं, बीच साफ करा, कोरलवर पाय देऊ नका वगैरे. आपण तर बडोद्यात, इथे कुठे बीच? कापडी पिशवी नेते मी, तेवढं करतेच. पण घरातल्या घरात अजून काय करता येईल की जे खरंच तिकडच्या माशा-कासवांपर्यंत पोचतं? तिला खरं उत्तर द्यायचंय, नुसतं "कचरा टाकू नये बाळा" नाही. जाणकारांनी सांगा प्लीज.

---

रावपुरा_जुना

ताई, तुमच्या लेकीने बरोब्बर जागेवर उभं राहून प्रश्न विचारलाय, कारण म्युझियम आहे त्याच बागेतून विश्वामित्री वाहते. पावागढच्या डोंगरात उगम, आपल्या गावातून मगरींना सोबत घेऊन पुढे जाते, खाली ढाढर नदीला मिळते आणि ढाढर जाते खंभातच्या आखातात. म्हणजे महीनेच कशाला, विश्वामित्रीने सुद्धा आपण समुद्राला जोडलेलेच आहोत. गावातले कांस म्हणजे पावसाळी नाले सगळे शेवटी हिच्यातच उतरतात.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवतोय ना, काळाघोडा पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मी रोजच्यासारखा फिरायला गेलो तर काठच्या बाभळींच्या शेंड्यांना झबला थैल्या (दुकानातल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या) लटकलेल्या, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, ओळीने, एका उंचीवर. एका फांदीला उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) पतंगांच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता आणि त्यात गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशव्या अडकलेल्या. मी बराच वेळ ते बघत उभा होतो. जे झाडाला अडकलं ते तरी दिसत होतं, बाकीचं सगळं त्या चार दिवसांत आखातात गेलेलं.

आणि बीच नाही म्हणताय पण समुद्र तेवढा लांब नाहीये. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला गेलायत का कधी? इथून दोनेक तास. भरतीला पाणी चढतं आणि पिंड पूर्ण बुडते, ओहोटीला परत उघडी पडते, रोज. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी जगातल्या मोठ्यांपैकी आहे, भावनगरच्या बाजूला तर पाणी दहा मीटरच्या आसपास वरखाली होतं. एवढी ओढ असलेल्या पाण्यात पडलेली पिशवी एका जागी राहत नाही हो. मागे गेलो होतो तेव्हा ओहोटीच्या चिखलात बघितलं, अभिषेकाच्या दुधाच्या पिशव्या आणि त्यांचे कापलेले बारके त्रिकोणी कोपरे, शेकड्याने. तेव्हापासून घरी सगळ्यांना सांगितलंय, पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, नुसती चीर द्यायची. पिशवी धुऊन भंगारवाला घेतो, तो कोपरा कोणीच घेत नाही, मोरीतून जातो. लेकीला हे काम द्या, मुलं फार नीट लक्ष ठेवतात.

नायलॉनचा मांजा घेऊ नका आणि उत्तरायण झाली की गच्चीवरचे दोरे गोळा करा. पक्ष्यांसाठी सगळे करतातच, पण वाऱ्याने उडालेला दोरा नाल्यात गेला की पुढे तो मासेमारीच्या तुटलेल्या जाळ्यासारखाच वागतो, कुजत नाही आणि अडकवत राहतो.

---

सोरठची_सून

मी लग्नाआधी वेरावळची, पप्पा तिकडे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे व्हेल शार्कला जुने खारवे, म्हणजे तिकडचे मच्छीमार लोक, "बॅरल" म्हणायचे कारण भाला मारला की त्याला रिकामी पिंपं बांधायचे, म्हणजे तो खोल जाऊ शकत नाही आणि दमून वर येतो. चाळीस फुटापर्यंत वाढणारा प्राणी, कोणाला काही करत नाही, तोंड उघडून पाण्यातले बारके जीव गाळून खातो. त्याच्या लिव्हरचं तेल काढून लाकडी होड्यांना लावायचे. पप्पा सांगायचे की त्या दिवसांत धक्क्यावर वास सुटायचा तो घरी कपड्यांना पण यायचा. २००१ मध्ये सरकारने त्याला वाघ-सिंहाच्या यादीत टाकला, मासा असून त्या यादीत जाणारा तो पहिलाच. पण नुसत्या कायद्याने काय होणार, पोट त्याच्यावर होतं. मग २००४ मध्ये मोहीम सुरू झाली आणि कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलीय, माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारतं का? आणि नाव पडलं व्हाली, म्हणजे लाडकी.

तुम्हाला खोटं वाटेल पण ह्या एका वाक्याने गाव बदललेलं मी डोळ्याने बघितलंय. जाळ्यात व्हाली अडकली तर खारवे स्वतः जाळं कापून तिला सोडायला लागले. जाळं म्हणजे त्यांचं शेत हो, कापलं की सीझन गेला. वनखातं नुकसानीचे पैसे द्यायचं, सुरुवातीला २५,००० पर्यंत, पण जाळं त्याच्याहून महाग असायचं तरी कापायचे. असे शेकडो व्हेल शार्क सुटलेत गुजरातच्या किनाऱ्यावर.

कासवांचं मात्र वाईट वाटतं. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले आणि हिरवी कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी झबला थैली आणि जेलीफिश ह्यात कासवाला फरक कळत नाही, आणि त्याच्या घशात आतून सगळीकडे काट्यांसारखे मांसल उंचवटे असतात, टोकं पोटाकडे वळलेली. जेलीफिश निसटू नये म्हणून देवाने दिलेली सोय, पण त्यामुळेच एकदा गिळलेली पिशवी त्याला बाहेर टाकता येत नाही. ताई, लेकीला हे सांगा. मुलांना "प्लास्टिक वाईट" सांगून काही होत नाही, घसा कसा असतो ते सांगितलं की ती विसरत नाहीत.

आणि हो, इकडची सवय म्हणजे सेवउसळ पार्सल. तरी (तिखट रस्सा) एका पातळ थैलीत, सेव दुसऱ्या, कांदा तिसऱ्या, वर रबर. आम्ही आता घरून दोन डबे आणि एक किटली घेऊन जातो. लारीवाले भाई पहिल्यांदा बघत राहिले, आता किटली बघितली की तरी जास्तच घालतात.

---

मकरपुरा_सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे, पण मला स्पष्ट बोलायचंय. मी २२ वर्षं केमिकल प्लांटमध्ये काढलीत, जिथे होतो तिथलं नाव घेत नाही. एका पावसाळ्यात रात्री टाकीतलं पाणी ट्रीट न करता मागच्या नाल्यात सोडलेलं मी बघितलंय आणि तेव्हा गप्प बसलो कारण दोन पोरांच्या फीया होत्या. ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून वाटतं की दुधाच्या पिशवीचा कोपरा ठीक आहे पण तेवढ्यावर समाधान मानू नका. नाल्याचं पाणी एकदम लाल-पिवळं दिसलं, फेस आला, मासे उताणे तरंगले तर फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्डाकडे लेखी तक्रार करा, एकट्याने नाही तर सोसायटीच्या लेटरहेडवर दहा सह्यांनी. एकट्याच्या तक्रारीपेक्षा हिचं वजन जास्त पडतं.

घरातलं पण केमिकलच असतं हे लोक विसरतात. गाडीचं जळलेलं ऑइल, उरलेला रंग, टर्पेंटाइन, एक्सपायर झालेली औषधं, हे मोरीत किंवा कमोडमध्ये ओतायचं नाही म्हणजे नाही. गटाराच्या प्लांटमध्ये मैला निघतो, ही औषधं सगळी निघत नाहीत. आणि पॉलिएस्टरचे कपडे प्रत्येक धुण्याला बारीक तंतू सोडतात, ते पण पाण्याबरोबर जातात. कमी वेळा धुवा, मशीन पूर्ण भरून लावा, गार पाण्यात. जमेल तिथे सुती घ्या, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तसंही तेच बरं.

---

सोडे_आणि_सोलकढी

आमचं सीकेपी घर, चार पिढ्या बडोद्यात, मासे सुटणार नाहीत म्हणून त्याबद्दलच लिहिते. बडोद्यातला माणूस समुद्राला सगळ्यात जवळून हात लावतो तो बाजाराच्या पिशवीतून, हे माझं मत.

तळहातापेक्षा लहान पापलेट घेऊ नका. स्वस्त मिळतात, तव्यावर चार बसतात, पण त्यांनी एकदा सुद्धा अंडी घातलेली नसतात. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी घोळ गुजरातचा, दोन्ही आपल्याच ताटातले आणि दोन्हीवर मासेमारीचा ताण. मुशी-मोरी (लहान शार्क) मी बंद केली, मुलांना भुर्जी फार आवडायची तरी. शार्कच्या जातीचे मासे उशिरा वयात येतात आणि पिल्लं थोडी देतात, म्हणून एकदा कमी झाले की भरून यायला फार वेळ लागतो. त्यापेक्षा बोंबील, मांदेली, तारली, बांगडा हे लवकर वाढणारे. सासूबाई म्हणायच्या नारळी पौर्णिमेपर्यंत मासा आणायचा नाही, मला वाटायचं नुसतं धार्मिक आहे. पण पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची बंदी पण १ जून ते ३१ जुलै असते, माशांच्या वीणीचाच काळ. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे सोडे आणि सुके बोंबील, आणि ते बेगमीचे डबे मे महिन्यातच भरायचे.

दुकानात विचारायला लाजू नका. "हा लहान आहे, नको" असं चार गिऱ्हाईकं म्हणाली की पुढच्या वेळी तो आणत नाही, आमच्याकडे झालंय असं.

---

अलकापुरी_भटक्या

ताई, थंडीत लेकीला जामनगरजवळ नराराला घेऊन जा. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क आहे, १९८२ चं, देशातलं पहिलं. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं आणि होडी न घेता, डुबकी न मारता कोरल, समुद्री काकडी, पफर फिश, नशीब असेल तर ऑक्टोपस दिसतो. आम्हाला दिसला तेव्हा तो दगडासारखाच होता, गाइडने बोट दाखवलं तरी मला दिसेना, मग तो हलला आणि अख्ख्या अंगाचा रंग बदलला. जाताना ओहोटीची वेळ विचारूनच निघा नाहीतर नुसतं पाणी बघून परत याल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे जातं. जुने बूट घाला, गाइडच्या मागेच चाला, आणि काहीही उचलून हातात घ्यायचं नाही, गाइडने दिलं तरी.

---

वाडीवाली_ताई

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. मकरपुरावाल्या दादांचं वाचून गप्पच झाले, तुम्ही इथे लिहिलंत हीच मोठी गोष्ट आहे. आमच्या सोसायटीच्या मागे पण कांस आहे, रविवारच्या मीटिंगमध्ये विषय काढणारे, सह्यांचं मी बघते.

लेकीला कासवाचा घसा सांगितला. ती उठली आणि आरशासमोर जाऊन तोंड उघडून बघत बसली. मग विचारलं, "मग त्याला भूक लागली तरी खाता येत नाही?" म्हटलं पोट प्लास्टिकने भरलेलं असतं ना, भूक लागलेलीच कळत नाही त्याला. रात्री वरणभात खाताना पण तेच डोक्यात होतं तिच्या.

दुधाच्या पिशवीचं खातं आता तिच्याकडे. आज सकाळी तिच्या आजीने सवयीने कोपरा कापला तर धावत आली आणि मोरीच्या जाळीवरून तो उचलून काढला, पिशवीतच घातला. रावपुऱ्याच्या काकांना विचारायला सांगितलंय तिने, की कावी-कंबोईला ओहोटीला जायचं असेल तर वेळ कशी कळते? पंचांगात बघायची की तिकडे फोन करून विचारायचं? आणि चिखल किती असतो, तिचे गमबूट चालतील का? बरोबर दोन गोण्या आणि हातमोजे नेणार आहोत.