माणशी खर्च बघून सड्यावरच्या वाडीला निधी कसा मिळायचा?

खाडीपट्टा
मागच्या आठवड्यात एका कंपनीकडे निधीसाठी दिलेला आमचा प्रस्ताव परत आला. दाभोळ खाडीच्या काठच्या चार वाड्या आणि वर सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरची धनगरवाडी, एवढंच आमच्या संस्थेचं क्षेत्र. संस्था लहान आहे, पण नोंदणी, करसवलतीची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, ऑडिट सगळं जागेवर आहे. मागितलं होतं तीन वर्षांसाठी वाड्यांवर फिरणाऱ्या तीन बायकांचं मानधन, दाब आणि साखर तपासायची यंत्रं, पट्ट्या आणि येण्याजाण्याचा खर्च. कंपनीकडून उत्तर आलं की लाभार्थी कमी आहेत आणि माणशी खर्च जास्त पडतो, त्यापेक्षा तालुक्याच्या गावी दोन मोठी शिबिरं घ्या.

शिबिराने काय होतं ते सांगते. शिमग्याआधी सड्यावर गेले होते. एका आजीने देवळीतला पितळी डबा काढून दाखवला. आत कागदाच्या पुडीत दाबाच्या गोळ्या, सुरीने अर्ध्या केलेल्या. शिबिरात महिन्याच्या मिळाल्या होत्या. पुढचं शिबिर कधी ते कोणी सांगितलं नाही, म्हणून दोन दिवसांआड अर्धी अशी पुरवून खात होती. मी मोजला तेव्हा वरचा दाब 190 होता. त्या शिबिराच्या अहवालात ही आजी लाभार्थी म्हणून मोजलेली आहे, यादीत तिचा अंगठा आहे.

वाडीत बावीस घरं. कमावता माणूस मुंबईला, मागे म्हातारी माणसं आणि बायका. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, त्याचं कारण हेच. डांबरी रस्त्यापासून तासभर चढ. आजारी माणूस चादरीच्या डोलीत घालून उतरवतात, आणि उतरवायला चार खांदे गावात असले तर. अशा वस्तीवर माणशी खर्च जास्त येणारच. तो करायची तयारी नसेल तर आरोग्यातली समता हा शब्द प्रस्तावात कशाला लिहायला लावता?

तुम्हाला काय वाटतं? माझं चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

निवृत्त आरोग्यसेवक
ताई, तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. मी एकतीस वर्षं उपकेंद्रांवर काढली. दाबाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा निधी असतो, तो कशावर खर्च झाला हे ग्रामसभेत कोणी विचारत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी 2021 ते 2026 या पाच वर्षांत 70,051 कोटी ठेवले. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात. हे हक्काचे पैसे सोडून कंपनीच्या दारात का जायचं?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली तेव्हा ते सरकारी नोकरीतच होते. लाल विंचवाने कोकणात किती पोरं जायची ते माझ्या पिढीला ठाऊक आहे. यंत्रणा चालली तर एवढं काम होतं. संस्था आल्या की यंत्रणा हात झटकते. प्रकल्प संपतो, संस्था जाते आणि वाडी होती तिथेच राहते. हे मी तीनदा पाहिलंय.

दोडामार्ग काजू
आमच्याकडे एक संस्था इली, बॅनर लावल्यान, फोटो काढल्यान आणि गेली. परत कोण फिरकलो नाय. 2016 साली माकडताप इलो तेव्हा बागेत जाताना अंगाक लावूचा तेल आणि लस सरकारी माणसांनीच दिली. संस्थेक पैसे देण्यापेक्षा तेच पैसे बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलाक जाणाऱ्या गाडीक द्या. पेशंट घेऊन गोव्याक जावचा लागता, ह्या आमचा खरा दुखणा.

हिशोबनीस
मी कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे सामाजिक कामावरच्या खर्चाचे हिशेब बघतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. संचालक मंडळापुढे जाताना आकडा लागतो. बावीस घरांसाठी एवढे पैसे का, हे विचारणं हा काही गुन्हा नाही. उद्या पैसे खाल्ले गेले तर उत्तर आम्हालाच द्यावं लागतं, आणि खाल्ले गेल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत.

मात्र दोन गैरसमज दूर करतो, कारण त्यांच्या आड लपून बरेच जण नकार देतात. मानधन बसत नाही, 5 टक्क्यांची मर्यादा आहे, असं सांगतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. गावात फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन हा थेट प्रकल्पाचा खर्च धरता येतो. आणि एकच वर्ष द्यायचं असंही कुठे लिहिलेलं नाही. चालू प्रकल्प म्हणून सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं देता येतात. खरी अडचण नव्या संस्थांची आहे. तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नोंदणीही लागते.

खाडीपट्टा
हिशोबनीस, मानधनाबद्दल आम्हाला अगदी हेच कारण सांगितलं होतं, आणि आम्ही मुकाट्याने ऐकून घेतलं. ही माहिती खूप मोलाची आहे.

पैसे खाल्ले जातात हे खरंच आहे. हिशोब मागा, हवा तर दर महिन्याला मागा. पण किती डोकी मोजली एवढंच विचारू नका. वर्षभर गोळी न चुकता किती जणांनी घेतली, दाब किती जणांचा आटोक्यात आला, हे विचारा. हा आकडा शिबिरवाल्यांना देता येणार नाही, आम्हाला देता येईल.

आरोग्यसेवक भाऊ, गोळ्या उपकेंद्रात आहेत हे मान्य. पण उपकेंद्र ठरतं लोकसंख्येवर, सपाटीला 5,000 आणि डोंगराळ भागात 3,000. आमच्याकडे ते 3,000 लोक वीस वाड्यांत, दोन खाड्यांच्या मध्ये आणि सड्यावर विखुरलेले. गोळी उपकेंद्रात आणि माणूस वर, मधला तासाभराचा चढ कोणाच्या बजेटात बसतो? मला निधी त्या चढासाठी हवा आहे, समांतर दवाखाना काढायचा नाही.

परदेशी निधी असलेल्या मोठ्या संस्थेकडून थोडं काम घ्यायचा मार्गही राहिला नाही. परदेशी निधीच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 ला झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेले पैसे एका संस्थेला दुसरीकडे देता येत नाहीत. वाडीजवळच्या लहान संस्थांना त्याचा फटका बसला.

आशा, संगमेश्वर
सगळे बोलले, आता माझं ऐका. तो चढ मी चढते. साधारण हजार लोकांमागे एक आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, पण माझे हजार तेरा वाड्यांत आहेत. मोबदला कामावर मिळतो, चालण्यावर नाही. संस्थेने महिना ठरलेल्या मानधनावर दुसरी बाई आणली तर लोक म्हणणार, ही पगाराची आणि ती फुकटची. मागे असंच झालं. प्रकल्पाची बाई दोन वर्षांनी गेली आणि तिने लावलेल्या सवयी माझ्या गळ्यात पडल्या. निधी द्यायचाच तर आधी आमच्याशी बोला. मला सोबत हवी आहे, वरचढ कोणी नको.

बंदरावरचा
हर्णैला बोटींवर बाहेरून आलेले खलाशी किती आहेत बघा. बागांत नेपाळी राखणदार आहेत. ते ना मतदार यादीत, ना रेशन कार्डावर, मग लाभार्थी कुठून होणार? गावाची नावं धरून प्रस्ताव लिहिलात तर ही माणसं परत सुटतील.

निवृत्त आरोग्यसेवक
ताई, चढाचा मुद्दा बरोबर आहे. मी नोकरीत असताना त्या वाडीवर महिन्यातून एकदा जायचो, तेही पावसाळ्यात जमायचं नाही. माझा विरोध मी मागे घेत नाही, यंत्रणेला जाब विचारायचं सोडू नका. तोवर एक करा. उपकेंद्रातल्या ताईंना भेटून वरच्या पेशंटांची यादी द्या आणि गोळ्या एकदम दोन महिन्यांच्या मागा. वहीत सही करून मिळायला हरकत नसावी.

खाडीपट्टा
आशाताई, तुमचं बोलणं लागलं आणि ते खरं आहे. आमच्या प्रस्तावात आशांशी बोलल्याचा एक शब्द नव्हता. तीन बायकांऐवजी दोन, आणि उरलेल्या पैशातून आशांचा वाडीभेटीचा प्रवासखर्च, असं परत लिहायला घेतलंय. तो पैसा आशांना थेट देता येईल का, की आरोग्य विभागाची परवानगी लागेल? हिशोबनीस, एवढं बघून सांगाल का? बंदरावरच्या माणसांचा प्रस्ताव वेगळा लागेल, आमच्या पाच वाड्यांत तो कोंबत नाही.

उपकेंद्रात काल जाऊन आले. यादी बघून ताईंनी अकरा जणांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. सोमवारी वर जाते आहे, आमच्या गावची आशाही येते म्हणाली. आजीच्या डब्यातल्या अर्ध्या गोळ्या काढून घ्यायच्या आहेत.