मदत हवी आहे: सुई टोचल्यानंतरच्या सूचना एका पानात कशा बसवाव्यात?

नमस्कार मंडळी. वापरलेली सुई टोचली तर काय करायचं, याचं वॉर्डात लावायला एक पान तयार होतंय. मसुदा असा:

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळून रक्त काढू नका, ब्लीच तर अजिबात लावू नका. कातडी आणखी दुखावते आणि फायदा शून्य. लगेच सांगा. पीईपीचा (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या गोळ्यांचा) पहिला डोस जितका लवकर तितका चांगला, ७२ तासांच्या आत हवाच. पुढे २८ दिवस रोज. ज्या रुग्णाची सुई, त्याच्या एचआयव्ही रिपोर्टसाठी डोस अडवू नका, तो निगेटिव्ह आला की गोळ्या थांबवता येतात.

अडलंय ते धोक्याच्या आकड्यापाशी. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यास लागण साधारण १००० पैकी ३ जणांना किंवा त्याहून कमी. पण हा सरासरी आकडा. शिरेतून नुकतीच काढलेली पोकळ सुई, तिच्यावर दिसणारं रक्त, खोल जखम, रुग्णाचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) जास्त, असं असेल तर धोका वाढतो. टाके घालायची भरीव सुई ग्लोव्हजमधून टोचली तर कमी, कारण बरंचसं रक्त रबरावरच पुसलं जातं.

नुसता आकडा वाचून कुणी निर्धास्त होईल, कुणी घाबरून लपवेल. आणि लपवण्यातच ते ७२ तास निघून जातात! हे दोन ओळींत कसं लिहाल? आणि हिपॅटायटिस बी याच पानावर घ्यावा की वेगळा?