हाताने शिवलेल्या वाकळांची कमी पैशांत जाहिरात कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. आमच्या गल्लीतल्या पाचजणी मिळून जुन्या सुती लुगड्यांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतो. सगळं हातचं काम, मशीन लावत नाही. मोठ्या वाकळीला दोघींचे दीड-दोन आठवडे जातात, म्हणून किंमत २८०० रुपये ठेवलीय. ती उतरवायची नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवलंय. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्लीत काही दुकानांत दाखवून आलो, पण मशीनच्या रजईच्या भावात मागतात. ते नको.

जाहिरातीला महिन्याला हजार रुपये निघतील, त्याहून जास्त नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग केलाय, त्याला पैसे पडत नाहीत. पण ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम सगळ्यांना पाठवलेला मेसेज, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून आता प्रत्येक वाकळीच्या कोपऱ्याला नंबर लिहिलेली कापडी पट्टी शिवतो. एक गोष्ट नक्की दिसली : तयार वाकळीच्या फोटोपेक्षा टाके घालतानाच्या व्हिडिओला जास्त विचारणा येते. लुगडं कुणाच्या आजीचं होतं ते सांगितलं की अजूनच.

पुढचं विचारायचं आहे.

जांबोटी-चोर्ला रस्त्याला गोव्याकडे जाणारी गाडी सतत असते आणि होमस्टेही बरेच झालेत. खोलीत एक वाकळ अंथरायला द्यायची, सोबत किंमत आणि नंबराची चिठ्ठी, असं मनात आहे. कुणी केलंय का? मालकाला विक्रीचे किती टक्के द्यावेत? मळली, फाटली तर भरपाई कुणी करायची, हे आधी लिहून घ्यावं का?

इन्स्टाग्रामवर मराठी आणि कन्नड एकाच पोस्टमध्ये लिहावं की पानंच वेगळी ठेवावीत? धारवाड-हुबळीकडची माणसं वाकळीला 'कौदी' म्हणतात, त्याच नावाने शोधतात, ती गिऱ्हाइकं सोडायची नाहीत.

मोठी वाकळ तीन किलोच्या आसपास भरते, कुरिअर परवडत नाही. कर्नाटक एसटीच्या 'नम्म कार्गो' या पार्सल सेवेने कोल्हापूर, पुण्याला पार्सल पाठवणारं कुणी असेल तर अनुभव सांगा. पलीकडे पाठवलं की दुसरं राज्य, तेव्हा जीएसटीचं काय करता तेही लिहा.

आणि बाळाची दुपटी आधी काढावीत का? वजनाला हलकी, बारशाला देता येतात, कापडही कमी लागतं. आमच्यातल्या दोघींना ते पटतं, बाकीच्यांना मोठ्या वाकळीचंच नाव व्हावं असं वाटतं. विकणाऱ्यांनी स्पष्ट सांगा, पाऊस लागायच्या आत ठरवायचं आहे.