मदत हवी आहे: आईची कवळी, कॅलिफोर्नियातला कायदा आणि आमदाराला पत्र

मंडळी नमस्कार, खूप वर्षांनी धागा काढतेय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या. विषय आईच्या कवळीचा आहे आणि त्यातून मी अंगावर ओढवून घेतलेल्या एका उद्योगाचा.

आम्ही फ्रीमाँटला असतो. आई ७६ वर्षांची, मूळची कराडकडची, सात वर्षं झाली आमच्याकडेच आहे, ग्रीन कार्ड आहे, पाच वर्षं झाल्यावर मेडिकेअर विकत घेतलं. तोंडात स्वतःचा एकही दात नाही. मेडिकेअरमध्ये कवळी येत नाही हे मला कवळी करायची वेळ आली तेव्हा कळलं, १९६५ ला कायदा झाला तेव्हापासूनच दात त्यातून वगळलेत म्हणे. म्हणजे गुडघा बदलून मिळेल पण चावायचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका डेंटिस्टकडे वरची-खालची दोन्ही केली, ३४०० डॉलर खिशातून. डॉक्टर वाईट नव्हते हो, पण माप त्यांनी घ्यायचं, कवळी कुठल्यातरी लॅबने करायची, लॅब कुठाय विचारलं तर रिसेप्शनवरच्या मुलीलाही माहीत नाही. वरची बसली. खालची नाचायला लागली. शेंगदाण्याच्या चटणीचा एक कण खाली गेला की आई ताटावरून उठायची. टोचतंय म्हणून पाच वेळा गेलो, दर वेळी दोन-तीन आठवड्यांनी तारीख, घासून द्यायचे, परत दुसरीकडे टोचायचं. शेवटी आई म्हणाली राहू दे आता, आणि खालची कवळी ओट्यावर स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून राहिली. भाकरी दुधात कुस्करून खायची, आणि कुणाकडे गेलो की पदर तोंडाशी.

मे महिन्यात तिला भावाकडे सोडलं, तो सिएटलजवळ बॉथेलला असतो. त्याने तिला एका डेंचरिस्टकडे नेलं. मला वाटलं डेंटिस्ट लिहिताना चुकला असेल. तर नाही, वॉशिंग्टनमध्ये हे वेगळं लायसन्स आहे, कवळ्या करणारा माणूस स्वतः पेशंट बघतो, माप घेतो, आणि मागच्या खोलीत स्वतःच कवळी करतो. त्याने आईच्या कवळीला आतून पांढरी पेस्ट लावली, दाबून बसवली, काढून दिव्याखाली धरली, जिथली पेस्ट निघून गेली होती तिथे टोचत होतं, तेवढंच घासलं. मग म्हणाला हिरडी झिजलीय, रिलाइन करावं लागेल, म्हणजे कवळीला आतून नवा थर द्यायचा. सकाळी कवळी ठेवून घेतली, संध्याकाळी दिली. दुसऱ्या दिवशी एकदा फोन केला तर फोन त्यानेच उचलला! जेवढा खर्च आला त्यात भावाला फार तर दहा-बारा वेळा जेवण घालता आलं असतं, इथल्या पाच हेलपाट्यांपेक्षा बराच कमी.

आई म्हणाली, "ब्लाउजचं माप दुकानदाराला द्यायचं आणि शिंपी दुसऱ्या गावात, असं कसं बसंल? हितं शिंप्यालाच माप दिलं."

आता प्रश्न.

ऑगस्टपासून परत एका जागी टोचतंय, डाव्या बाजूला आत, जिभेखाली. दुसऱ्याने रिलाइन केलेल्या कवळीला हात लावायला इथले दोन दवाखाने तयार नाहीत, नवीन करा म्हणतात. बे एरियात कुठे जाऊ? आणि दुसरं म्हणजे, कॅलिफोर्नियात डेंचरिस्ट का नाहीत? इथे लॅबवाल्याला डेंटिस्टच्या लेखी ऑर्डरशिवाय काही करता येत नाही म्हणतात. मला आमच्या असेंब्लीच्या आमदाराला पत्र लिहायचंय, मंडळातल्या ज्येष्ठांच्या सह्या घेऊन. असलं काही कुणी केलंय का? मी अकाउंटंट आहे, मोर्चाबिर्चा कधी काढला नाही. प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, पोर्टलंडहून लिहितोय. ओरेगनमध्ये हे आमदारांनी दिलं नाही, लोकांनी मतदानाने घेतलं, १९७८ च्या नोव्हेंबरात, मेझर ५ (मेझर म्हणजे मतपत्रिकेवरचा प्रस्ताव). अर्धवट कवळी (पार्शल) करायची परवानगी तर २००२ च्या मेझर २४ ने मिळाली, म्हणजे २४ वर्षांनी! तुमच्या भावाकडे वॉशिंग्टनमध्ये १९९४ चा इनिशिएटिव्ह ६०७ (लोकांनी सह्या जमवून मतदानाला आणलेला कायदा), तोही मतदानाने. मोंटानात १९८४ ला, आणि तिथल्या कायद्याचं नावच बघा, 'फ्रीडम ऑफ चॉइस इन डेंचर सर्व्हिसेस अ‍ॅक्ट'. पेशंटने कुणाकडे जायचं ते पेशंट ठरवणार, एवढंच ते मागत होते. तुमच्या पत्राचं हेडिंग तयार आहे बघा.

प्रतिसाद २

मग कॅलिफोर्नियातही इनिशिएटिव्ह काढा की, त्यात काय

प्रतिसाद ३

काढा की म्हणे! अहो २०२६ साठी साध्या कायद्याच्या इनिशिएटिव्हला ५,४६,६५१ वैध सह्या लागतात, १८० दिवसांत, आणि अर्जाची फी २००० डॉलर. सह्या गोळा करायला माणसं पगारावर ठेवावी लागतात, लाखो डॉलरचं काम आहे ते. मंडळाच्या दिवाळीत दोनशे सह्या होतील फार तर, त्याही निम्म्या ग्रीन कार्डवाल्यांच्या, ज्या धरत नाहीत कारण मतदार असावा लागतो. ताई, पत्राला मात्र ही अट नाही. तुमच्या आई मतदार नसल्या तरी त्या मतदारसंघात राहतात, आमदाराने ऐकायला पाहिजे.

मी थोडंफार कायद्याचं काम करते म्हणून दोन गोष्टी सुचवते. डेंटिस्टांना लायसन्स देणाऱ्या राज्याच्या डेंटल बोर्डाचा दर काही वर्षांनी सनसेट रिव्ह्यू होतो, विधिमंडळाच्या कमिट्या बसून बोर्डाचं काम तपासतात आणि तिथे सामान्य माणसाला बोलता येतं. तो पुढचा कधी आहे ते आमदाराच्या ऑफिसलाच विचारा, ते सांगतात. दुसरं म्हणजे तुमच्या पत्रात हायजिनिस्टचं उदाहरण घाला. कॅलिफोर्नियात आरडीएचएपी नावाचं लायसन्स आहे, ते घेतलेले हायजिनिस्ट नर्सिंग होममध्ये, घरात खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे स्वतंत्रपणे जाऊन दात साफ करून देतात. म्हणजे डेंटिस्टच्या खुर्चीबाहेर काहीच होऊ शकत नाही असं या राज्याचं म्हणणं नाहीये, मग कवळीवरच का अडलंय हा प्रश्न विचारता येतो.

आणि २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा नॉर्थ कॅरोलायना डेंटल बोर्डाचा निकाल वाचून ठेवा. तिथे बोर्डाने दात पांढरे करून देणाऱ्या बिगर-डेंटिस्ट लोकांना नोटिसा पाठवून धंदा बंद करायला लावला होता. कोर्ट म्हणालं, बोर्डावर त्याच धंद्यातली माणसं बसलेली असतील आणि राज्य सरकार नीट देखरेख करत नसेल तर स्पर्धेच्या कायद्यातून आपोआप सूट मिळत नाही. कवळीशी थेट संबंध नाही पण वृत्ती तीच.

प्रतिसाद ४

मी डेंटिस्ट आहे, बीडीएस महाराष्ट्रातून, मग इथे परत शिकले, त्यामुळे शिव्या खायला तयार होऊन लिहितेय.

ताई, काकूंचा त्रास खरा आहे आणि पाच वेळा घासूनही जमलं नाही तर रिलाइन सुचवायलाच हवं होतं. पण खालची कवळी नाचते यात प्रत्येक वेळी करणाऱ्याचा दोष नसतो. वरची टाळूला चिकटून बसते, खालच्या कवळीला तसा आधारच नाही, मधे जीभ, आणि दात काढल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा जास्त झिजतं. म्हणून २००२ मध्येच कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं की खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) घालून त्यावर कवळी अडकवणं ही पहिली निवड असावी. ते काम डेंचरिस्टचं नाही. महाग आहे, मान्य.

आता माझा खरा आक्षेप. डावीकडे जिभेखाली टोचतंय म्हणता, ऑगस्टपासून. दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम डेंटिस्टने किंवा डॉक्टरने बघितलीच पाहिजे. काकू कधी मिसरी लावायच्या का? आपल्याकडच्या आज्या लावायच्या आणि विचारलं तर "तंबाखू? छे" म्हणायच्या. कवळीचं बोचणं समजून कॅन्सर अंगावर काढलेले पेशंट मी सरकारी कॉलेजात असताना बघितलेत. आधी ते दाखवा, मग आमदाराकडे जा. बे एरियात यूसीएसएफ आणि युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक, दोन्हींच्या डेंटल स्कूलचे सॅन फ्रान्सिस्कोत दवाखाने आहेत, विद्यार्थी करतात, वर प्रोफेसर असतात, फी कमी, वेळ जास्त. दुसऱ्याची कवळी म्हणून हाकलणार नाहीत.

प्रतिसाद ५

डॉक्टरताई, मिसरीचा मुद्दा शंभर टक्के. पण डेंचरिस्ट तोंडात बघायला शिकत नाहीत असं वाटू देऊ नका. मी ब्रॅम्प्टनला, ओंटारिओत. इथे टोरांटोच्या जॉर्ज ब्राउन कॉलेजात तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, वेगळं कॉलेज ऑफ डेंचरिस्ट्स आहे लायसन्स द्यायला, आणि डेंचरिझम अ‍ॅक्ट १९९१ चा आहे. माझ्या सासऱ्यांच्या डेंचरिस्टनेच त्यांच्या गालातला पांढरा चट्टा बघून त्यांना पुढे पाठवलं, कवळीला हात लावायच्या आधी.

इथे आता कॅनडियन डेंटल केअर प्लॅन आलाय, कव्हरेज २०२४ च्या मे पासून सुरू झालं, कुटुंबाचं उत्पन्न ९०,००० डॉलरच्या आत आणि दुसरा डेंटल इन्शुरन्स नाही अशांना. त्यात तुम्ही थेट डेंचरिस्टकडे जाऊ शकता. मात्र टॅक्स भरणारा रहिवासी असावा लागतो, त्यामुळे सुपर व्हिसावर (आईवडिलांना मिळणारा लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा) आलेले आईवडील सहसा बसत नाहीत. माझी आई त्यातच अडकलीय, ते वेगळं रडगाणं.

प्रतिसाद ६

ताई, पुण्यात घेऊन या काकूंना. बीडीएसच्या पोरांना ठराविक कवळ्या कराव्याच लागतात, पोरं पेशंट शोधत असतात अक्षरशः. माझ्या आज्जीची कॉलेजातल्या पोरीने केली, बारा खेपा झाल्या, पण आज्जी ऊस खाते आता (खोटं, उसाचा रस). आणि आपल्याकडे गरीब ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कानाचं मशीन यांच्याबरोबर कवळीही आहे, २०१७ पासून. अमेरिकेच्या मेडिकेअरला जमलं नाही ते.

प्रतिसाद ७

पण आपल्याकडेही १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टपासून डेंटल मेकॅनिक वेगळा आणि डेंटिस्ट वेगळा, मेकॅनिकने लॅबमध्ये बसायचं. कवळी करणारा हात आणि कवळी घालणारं तोंड यांची भेट तिकडेही होत नाही. वडील मेकॅनिक होते माझे, चाळीस वर्षं. कुणाच्या तोंडात काय बसलं ते त्यांनी कधी बघितलं नाही. लग्नात एखादा माणूस हसला की म्हणायचे, हे माझं काम असावं बहुतेक.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. दादा, तुमच्या वडिलांचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

आधी महत्त्वाचं. डॉक्टरताई, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री आईला मिसरीचं विचारलं. "लग्नाआधी लावायचे, सगळ्याच लावायच्या" म्हणाली. पोटात गोळा आला माझ्या. डेंटल स्कूलमध्ये नेलं, एका मुलीने पाऊण तास तपासलं, मग तिच्या प्रोफेसरांनी आरसा घालून जिभेखाली सगळीकडे बघितलं. कवळीच्याच कडेची जखम आहे म्हणाले, कड कमी केली, आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. परवा गेलो, भरून आलीय. घासायचे पैसे इतके कमी घेतले की मी दोनदा विचारलं.

पत्र बदललं मी. आधीच्या मसुद्यात डेंटिस्टांवर दीड पान राग होता, तो काढला. आता लिहिलंय की डेंचरिस्टचं लायसन्स द्या, त्यांच्या अभ्यासात तोंडाची तपासणी आणि संशय आला की पुढे पाठवायची सक्ती ठेवा, आणि इन्शुरन्स असेल तर पेशंट ज्याच्याकडे जाईल त्याला पैसे मिळू द्या. ओरेगन १९७८, मोंटाना १९८४, वॉशिंग्टन १९९४ घातलंय, हायजिनिस्टचं उदाहरण घातलंय. सुप्रीम कोर्ट नाही घातलं, मला नीट समजावता येणार नाही. डॉक्टरताईंना मसुदा पाठवलाय, त्या सही करणार नाहीत म्हणाल्या पण दोन चुका काढून दिल्या.

सह्या ६३ झाल्या. त्यात कवळीवाले १९, हे मी मुद्दाम वेगळे मोजले, गणपतीच्या जेवणात एकेकाला कोपऱ्यात घेऊन विचारावं लागलं, कुणी मोठ्याने कबूल करत नाही. एक काका तर म्हणाले सही करतो पण बायकोला सांगू नका.

आमदाराच्या फ्रीमाँटच्या ऑफिसात पुढच्या शुक्रवारी अकराची वेळ मिळालीय, पंधरा मिनिटं, स्वतः आमदार नसतील, स्टाफ असेल. कुणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करा. आई येणारच आहे. कालपासून विचारतेय की तिथं कवळी लावून बसायचं का वाटीतून काढून दाखवायची.