कॅलिब्राकोआ म्हणजे छोटा पेटुनियाच का?
कॅलिब्राकोआ या कुंडीत लावायच्या फुलझाडाला कुणीतरी छोट्या फुलांचा पेटुनिया म्हटलंय, पण तसं नाहीये. दोन्ही सोलॅनेसी म्हणजे बटाटा-टोमॅटोच्याच कुळातले आणि पूर्वी कॅलिब्राकोआच्या जाती पेटुनियातच धरायचे, पण पेटुनियात गुणसूत्रं १४ आणि कॅलिब्राकोआत १८ निघाली, त्यामुळे १९८०च्या दशकापासून वेगळं वर्गीकरण झालं आणि मला तरी ते एकदम पटतं. कुंडीतला नेहमीचा पेटुनिया तर मुळात संकर आहे, पांढरा, रात्री वास येणारा अ‍ॅक्सिलॅरिस आणि जांभळा इंटिग्रिफोलिया या दोन रानटी पेटुनियांचा, दोन्ही दक्षिण अमेरिकेतले. लेबलवर या संकराचं नाव हायब्रिडा असो की अ‍ॅटकिन्सियाना, झाड तेच, म्हणून नाव बघून दोनदा घेऊ नका प्लीज. पेटुनिया हे प्रजातीचं (genus) नाव मात्र जुनं, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ जुसिअनं १८०३ला दिलेलं.